मेल सर्व्हरला मराठी शिकवताना

स्मृती व्याख्यानमाला, छत्रपती संभाजीनगर : व्याख्यानाचा मुद्रित पाठ

मराठीत टाइप केलेला ‘नमस्कार’ मेल सर्व्हरच्या दारात पोहोचतो तेव्हा डोळ्यांना ओळखू येण्यासारखा उरलेला नसतो. न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना आणि र असे त्याचे सात घटक. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला 3 बाइट लागतात, म्हणजे एकूण 21. मेलची मूळ वाट सात बिटांच्या रोमन अक्षरांपुरती बांधलेली. त्यामुळे हे 21 बाइट बहुधा बेस-64 नावाचा वेष घेऊन प्रवास करतात आणि त्यांची 28 रोमन खुणांची माळ होते. त्या माळेत सातही घटकांची सुरुवात ‘4केएस’ किंवा ‘4केडब्ल्यू’ अशीच होते. वेगळेपण असते ते फक्त चौथ्या खुणेत.

ही माळ आता फिल्टरपुढे येते. जस्टिन मेसन यांनी 2001 साली सुरू केलेला आणि पुढे अपाची फाउंडेशनकडे गेलेला स्पॅमअसॅसिन हा मोफत फिल्टर जगभरच्या मेल सर्व्हरांवर चालतो. त्याची पद्धत परीक्षकासारखी गुण देण्याची. प्रत्येक नियम जुळला की मेलला थोडे गुण मिळतात, काही नियम गुण वजा करतात आणि बेरीज 5 वर गेली की मेल स्पॅम ठरतो. त्याच्या नियमसंचात एक नियम असा आहे : मजकूर बेस-64 मध्ये आहे, पण अक्षरसंच कोणता हे जाहीर केलेले नाही, तर मजकूर लपवून पाठवला आहे असे धरा. निकाल, पगारपत्रक किंवा सभेची सूचना पाठवणाऱ्या, कार्यालयातच लिहून घेतलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये नेमकी हीच घोषणा राहून जाते. अस्सल मराठी सूचनेवर संशयाचा पहिला गुण तिथे चढतो.

दुसरा गुण चढतो इंग्रजी पत्राच्या मायन्यावर. ‘डियर सर’ किंवा ‘डियर मॅडम’ अशी सुरुवात दिसली की गुण देणारा नियम या फिल्टरमध्ये आहे, कारण अमेरिकेत अशी सुरुवात अनोळखी विक्रेता करतो. इथल्या कार्यालयात मात्र ती शिष्टाचाराची पहिली ओळ असते. विषयाची ओळ सगळी मोठ्या रोमन अक्षरांत असेल तर आणखी गुण. आणि सरकारी कचेरी, बँक, कारखाना, सगळीकडे विषय तसाच लिहिण्याची सवय आहे. मजकूर नाहीच, नुसते चित्र आहे, यावरही गुण आहेत. श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या काळात समोरच्याकडे तो फॉन्ट असेलच याची खात्री नसल्याने मराठी सूचना चित्र करून पाठवण्याची रीत पडली. युनिकोड घराघरात आल्यावरही ती गेली नाही. सोसायटीची वार्षिक सभा, लग्नपत्रिका, महाविद्यालयाचे परिपत्रक अजून छायाचित्र होऊनच येते.

यातला कोणताही नियम एकटा मेल अडवत नाही. पण चार-पाच एकत्र आले की अडवू शकतात. म्हणून या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच की मेल सर्व्हरवर फिल्टर बसवणे हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. त्याला इथल्या माणसांची पत्रे ओळखायला शिकवणे हे खरे काम, आणि ते इथल्याच माणसांना करावे लागते. सभागृहात वाळूज-चिकलठाण्याचे उद्योजक आहेत, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करणारे आहेत, महाविद्यालयांचे प्राध्यापक आहेत. आलेला स्पॅम यांच्यापैकी प्रत्येकाला दिसतो. न आलेले पत्र कोणालाच दिसत नाही, आणि नुकसान त्याचेच मोठे असते.

मुळात हा प्रश्न उद्भवला तो मेलच्या रचनेमुळे. 1982 च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले तेव्हा जाळ्यावरचे संगणक थोडे होते आणि ते चालवणारे लोक बहुधा एकमेकांना ओळखत होते. पाठवणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानायचे, हे त्या नियमांत गृहीत होते. टपालाच्या लिफाफ्यावर एकाचे नाव आणि आतल्या लेटरहेडवर दुसऱ्याचे, असे करता येते, तसेच मेलमध्येही लिफाफ्यावरचा पत्ता आणि ‘फ्रॉम’च्या ओळीतला पत्ता वेगवेगळे असू शकतात. वाचणाऱ्याला फक्त दुसरा दिसतो. याचा गैरफायदा निघायला वेळ लागला नाही. किंबहुना पहिला घाऊक जाहिरातीचा मेल एसएमटीपीच्याही आधीचा आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रदर्शनाचे निमंत्रण इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवले होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तोपर्यंत पाश्चात्त्य देशांत स्पॅमची तक्रार जुनी झाली होती.

फिल्टरची पहिली फळी मजकूर वाचतच नाही. ती पाहते की दार ठोठावणारा संगणक कोण. पॉल विक्सी यांनी 1997 मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केले. आज पोस्टफिक्ससारख्या मेल सर्व्हरमध्ये एक ओळ लिहिली की प्रत्येक पाहुण्याचा पत्ता अशा यादीत विचारला जातो. स्वस्त आणि अतिशय परिणामकारक उपाय. मात्र त्यात एक खाच आहे आणि छोट्या कार्यालयांचे सर्व्हर तिथेच अडकतात. ही विचारणा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेमार्फत, केली तर स्पॅमहाउस उत्तर द्यायचे नाकारते आणि त्या नकारासाठी 127.255.255.254 हा खास संकेत पाठवते. ‘कसलेही उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे’ असे सर्व्हरला सांगून ठेवले असेल तर त्या क्षणापासून प्रत्येक मेल परत जातो. ओआरडीबी नावाची अशीच एक यादी 2006 च्या अखेरीस बंद झाली. तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च 2008 मध्ये तिने सगळ्याच पत्त्यांना ‘यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ती ओळ काढायला विसरलेल्या ठिकाणी मेल येणे थांबले. यादी लावणाऱ्याने ती चालू आहे की नाही हे अधूनमधून पाहिले पाहिजे, आणि विचारणेसाठी स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवला पाहिजे. त्याला फार मोठे यंत्र लागत नाही.

दुसरी फळी ग्रेलिस्टिंगची. तिची कल्पना इव्हान हॅरिस यांनी 2003 मध्ये मांडली. अनोळखी सर्व्हरला ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ असा 4 ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा तात्पुरता नकार द्यायचा. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅम पाठवणारा प्रोग्रॅम सहसा येत नाही. युक्ती सुंदर आहे, पण किंमत उशिराची. ई-निविदेची मुदत दुपारी तीनला संपत असेल आणि लॉगिनचा ओटीपी दहा मिनिटांसाठीच चालत असेल, तर तो पंधराव्या मिनिटाला पोहोचून उपयोग काय? ग्रेलिस्टिंग लावायचे तर बँका, निविदा पोर्टल आणि रोजचे ग्राहक यांना आधीच सूट देऊन.

मग येते ओळखपत्रांची पाळी. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे. डीकेआयएम मेलवर गुप्तलिपीतली सही करते. ‘फ्रॉम’मध्ये दिसणारे नाव या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते का, आणि जुळले नाही तर काय करायचे, हे डीमार्क ठरवते. डीमार्क 2012 मध्ये जाहीर झाले आणि कितीतरी वर्षे संस्थांनी ते ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवून दिले. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने ती सवड काढून घेतली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5,000 हून अधिक मेल पाठवणाऱ्याकडे ही तिन्ही ओळखपत्रे हवीत आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांखाली राहायला हव्यात. प्रवेशाच्या हंगामात विद्यापीठे आणि मोठी महाविद्यालये हा आकडा सहज ओलांडतात. एसपीएफच्या नोंदीत डीएनएसच्या 10 विचारणांची मर्यादा आहे. प्रवेशाचे सॉफ्टवेअर, फीचे पोर्टल, वृत्तपत्रिका पाठवणारी सेवा असे एकेक नाव जोडत गेले की मर्यादा ओलांडली जाते आणि सगळी नोंद बाद ठरते.

या शहरात त्यात आणखी एक पदर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये शहराचे नाव बदलले. इथल्या अनेक संस्थांच्या डोमेनमध्ये जुने नाव आहे, काहींनी नवे घेतले, काहींचे दोन्ही चालू आहेत. नवे नाव रोमन लिपीत लांब आहे. ‘छ’साठी एक एच की दोन, ‘जी’साठी आय की डबल ई, मध्ये आडवी रेघ की नाही, असे त्याचे अनेक पर्याय होतात. अशा प्रत्येक पर्यायाचे डोमेन कोणालाही थोड्या पैशांत नोंदवता येते, आणि त्या नकली डोमेनची एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तिन्ही ओळखपत्रे अगदी नियमानुसार असू शकतात. सर्व्हर फक्त ‘सही खरी आहे’ एवढेच सांगतो, सही करणारा प्रामाणिक आहे असे नाही. नवे डोमेन घेणाऱ्या संस्थेने जुने सोडून देऊ नये. त्यावरून मेल पाठवणे थांबवले तरी ते नूतनीकरण करून जवळ ठेवावे आणि त्यावर डीमार्कचे ‘रिजेक्ट’ धोरण लावावे, म्हणजे जुन्या नावाने कोणी पत्रे पाठवू लागला तर ती दारातच अडतील.

मेलमधून स्पॅमबरोबर व्हायरसही येतो, आणि व्हायरसची गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारे संगणक मायकेलअँजेलोसारख्या व्हायरसनी बिघडलेले दिसू लागले. हा व्हायरस फ्लॉपीतून यायचा आणि 6 मार्चला डिस्कवरची माहिती पुसायचा. संजय यांनी तो काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले आणि 1995 मध्ये त्यातून क्विक हील उभे राहिले. तेव्हा व्हायरस माणसाच्या खिशातून, फ्लॉपीच्या वेगाने फिरत होता. मार्च 1999 मध्ये मेलिसा आला. वर्डच्या फायलीतून तो आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःच मेल पाठवायचा. 4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ने पत्त्यांची सगळी वहीच वापरली. प्रेमपत्राच्या फायलीला दोन शेपट्या होत्या, ‘टीएक्सटी’ आणि ‘व्हीबीएस’, आणि विंडोज दुसरी लपवत असे. तेव्हापासून प्रत्येक टेबलावरच्या संगणकाबरोबर सर्व्हरवरही व्हायरस तपासणे अपरिहार्य झाले.

पोस्टफिक्सबरोबर आमाविस हा मधला दुवा आणि क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारे इंजिन, ही जोडी मोफत मिळते. पोलंडच्या तोमाश कोइम यांनी 2002 मध्ये सुरू केलेले क्लॅमएव्ही आज सिस्को कंपनीकडे आहे. त्याची व्हायरसखुणांची यादी एवढी वाढली आहे की त्या एका प्रोग्रॅमलाच एक जीबीहून जास्त मेमरी लागते. एक जीबीचा स्वस्त भाड्याचा सर्व्हर घेतला की क्लॅमएव्ही मधूनच बंद पडतो, आणि तो बंद असताना मेल थांबवायचा की न तपासता सोडायचा हे ठरवलेले नसते. हा निर्णय आधी कागदावर घ्यावा. थांबवणे हेच बरे. थांबलेला मेल हरवत नाही, रांगेत राहतो.

खुणांच्या यादीवर भिस्त ठेवण्याचे दिवस मात्र सरले. नवा व्हायरस पहिल्या काही तासांत कोणाच्याच यादीत नसतो. म्हणून फायलीच्या प्रकारावर बंदी हा अधिक भरवशाचा उपाय : ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, एलएनके, आयएसओ या फायली मेलमधून येऊच द्यायच्या नाहीत. पासवर्ड लावलेली झिप आणि त्याच मेलमध्ये लिहिलेला पासवर्ड, ही जोडी दिसली तर मेल बाजूला काढायचा, कारण फिल्टरला ती झिप उघडता येत नाही. वाळूजच्या डाय बनवणाऱ्या कारखान्याला ग्राहकाची रेखाचित्रे झिपमध्येच येतात, त्याला सरसकट झिपबंदी परवडणार नाही. वकिलाच्या कार्यालयाला ती सहज परवडेल. तयार नियमसंच दोघांना एकच उत्तर देतो, म्हणून तो जसाच्या तसा कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

आता शिकवण्याकडे. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक लेख प्रसिद्ध केला. नियम लिहीत बसण्यापेक्षा स्वतःला आलेले सुमारे 4,000 स्पॅम आणि तेवढेच चांगले मेल घ्यायचे, कोणता शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचे आणि अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्राने नव्या मेलचा निकाल लावायचा. 1,000 स्पॅमपैकी पाचाहून कमी सुटले आणि एकही चांगला मेल अडला नाही, असा त्यांचा अनुभव होता. चांगल्या ढिगातल्या शब्दांची संख्या त्यांनी मुद्दाम दुप्पट धरली होती, चांगले पत्र अडू नये म्हणून. स्पॅमअसॅसिननेही बेझ घेतला. तो किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय तोंड उघडत नाही.

इथे मराठीची अडचण सुरू होते. या फिल्टरमध्ये शब्दाच्या लांबीची मर्यादा 15 बाइट आहे. इंग्रजीत ती 15 अक्षरे होतात आणि पुरतात. देवनागरीत ते फक्त पाच घटक. ‘बँक’, ‘कर्ज’, ‘लॉटरी’, ‘ओटीपी’ हे शब्द पाचाच्या आत बसतात. ‘परिपत्रक’चे आठ घटक होतात, ‘शिष्यवृत्ती’, ‘विद्यापीठ’, ‘नमस्कार’ हेही मर्यादेबाहेर जातात. अशा शब्दांचे जुन्या आवृत्त्या दोन-दोन बाइटांचे तुकडे करत आणि नंतरच्या आवृत्त्यांनी घटकाघटकाचे केले. सुटा ‘ष’ किंवा सुटी वेलांटी स्पॅममध्येही असते आणि परिपत्रकातही, त्यातून काही कळत नाही. म्हणजे फसवणुकीच्या पत्रातले आखूड शब्द यंत्राच्या लक्षात राहतात, आणि शिक्षणाच्या, कारभाराच्या पत्रांतले लांब शब्द विरघळून जातात. मराठी पत्राने आपण चांगले असल्याची साक्ष ज्या शब्दांतून द्यायची, ते शब्दच त्याच्यापाशी उरत नाहीत.

भर म्हणून यंत्राची आपोआप शिकण्याची सोय. ती 12 गुणांच्या पुढचे मेल स्पॅम म्हणून आणि 0.1 च्या खालचे चांगले म्हणून शिकते. बेस-64, चित्र आणि मायन्याचे गुण मिळून दोन-तीनवर थांबलेले मराठी पत्र यापैकी कशातच येत नाही. ते पोहोचते, पण शिकले जात नाही. उपाय एकच : ‘एसए-लर्न’ ही आज्ञा वापरून मराठी पत्रांचा ढीग हाताने यंत्रापुढे ठेवायचा आणि दर महिन्याला त्यात भर घालायची. ज्यांचा मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे आहे त्यांच्या हातात आज्ञा नसली तरी ‘स्पॅम नाही’ हे बटण आहे. स्पॅमच्या कप्प्यात सापडलेले पत्र नुसते वाचून सोडून देऊ नये, बटण दाबावे.

सगळ्यात मोठा पैसा जातो तो मात्र अशा मेलने, ज्यात व्हायरस नसतो, जाहिरात नसते, संशयाचा एकही शब्द नसतो. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम खालील खात्यात भरावी.’ पुरवठादाराच्या नेहमीच्या भाषेत, खऱ्या बिलाच्या संदर्भासह, एका अक्षराने वेगळ्या डोमेनवरून आलेला, किंवा पुरवठादाराच्याच फोडलेल्या खात्यातून आलेला. निर्यात करणाऱ्या लहान उद्योगांना हा धोका सर्वाधिक, कारण रक्कम परदेशी जाते आणि परत मिळणे दुरापास्त. फिल्टर इथे मर्यादित मदत करतो : बाहेरून आलेल्या मेलवर ठळक पट्टी लावता येते, कालपरवा नोंदलेल्या डोमेनचे मेल बाजूला काढता येतात. बाकी खाते बदलाच्या प्रत्येक पत्रावर जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करणे हाच इलाज. रिझर्व्ह बँकेने एक चांगली गोष्ट केली. सर्व बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर न्यावीत असा तिचा आदेश होता, आणि ते डोमेन बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. लिंकमध्ये बँकेचे नाव आहे पण शेवट हा नाही, एवढे तपासणारा नियम कोणत्याही फिल्टरमध्ये लिहिता येतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ए कलमात त्रासदायक किंवा मूळ लपवणाऱ्या मेलचाही उल्लेख होता. पण ते कलम 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक करायला वापरले गेले आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. ते गेले हे योग्यच झाले. तोतयेगिरी करून फसवण्यासाठी 66-डी कलम आहे. नको असलेल्या जाहिरातीच्या मेलसाठी, दूरसंचार प्राधिकरणाचे जसे फोन आणि एसएमएससाठी नियम आहेत तसा खास कायदा भारतात नाही, त्यामुळे भार सर्व्हर सांभाळणाऱ्यावरच येतो. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते आणि नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन.

अडवलेल्या मेलचे काय करायचे, यावर तडजोड नको. नाकारायचा असेल तर दारातच 550 चा नकार देऊन नाकारावा, म्हणजे पाठवणाऱ्याला कळते आणि तो फोन तरी करतो. संशयित असेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवावा आणि मराठी वाचणाऱ्या माणसाने तो कप्पा रोज उघडावा. घेतो म्हणून घ्यायचा आणि गुपचूप फेकून द्यायचा, ही सेटिंग कोणत्याही कार्यालयाने ठेवू नये. त्यात शिष्यवृत्तीची त्रुटी कळवणारे पत्र कायमचे नाहीसे होते आणि दोष विद्यार्थ्यावर येतो.

या शहरात हे काम एकत्र करता येण्यासारखे आहे. 1958 पासूनचे विद्यापीठ आहे, त्याच्या आवारात माहिती तंत्रज्ञान शिकवणाऱ्या नायलिट या सरकारी संस्थेचे केंद्र आहे, उद्योजकांच्या सीएमआयए आणि मासिआ या संघटना आहेत. खाजगी पत्रे कोणी कोणाला देऊ नयेत, पण परिपत्रके, निविदा सूचना, निकालपत्रे, सभेच्या नोटिसा ही मुळात जाहीरच असतात. त्यांचा एक सामायिक ढीग करून प्रत्येक संस्थेने आपल्या फिल्टरला तो शिकवावा. फिल्टर बसवून झाला की तंत्रज्ञ दोन ठरलेल्या चाचण्या करतात : 68 खुणांची निरुपद्रवी आयकार फाइल, जी प्रत्येक अँटीव्हायरसने पकडली पाहिजे, आणि जीट्यूब नावाची ओळ, जिला स्पॅमअसॅसिन 1,000 गुण देते. दोन्ही चाचण्या वाईट मेल पकडला जातो का हे पाहतात. चांगले मराठी पत्र सुटते का हे पाहणारी तिसरी चाचणी इथे तयार व्हावी आणि प्रत्येक अपडेटनंतर चालवली जावी. तिच्यात निदान चार पत्रे हवीत : बेस-64 मधले परिपत्रक, चित्ररूप सभेची नोटीस, ‘डियर सर’ने सुरू होणारी आणि मोठ्या अक्षरांतल्या विषयाची निविदा, आणि झिपमध्ये रेखाचित्र जोडलेली ग्राहकाची ऑर्डर.